उघडू नये अशी मोटर

३ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं बोलते. माझी विजेवरची सायकल बंद पडली. बॅटरी पूर्ण भरलेली, हँडलवरच्या छोट्या स्क्रीनवर तीन आकडे लुकलुकतायत आणि मोटर ढिम्म. तीही चौथ्या वळणावर, ऐन चढात. तेवीस किलोचं ते धूड एकोणसाठ वर्षांच्या बाईने ढकलत खाली आणलं, वर औषधांची पेटी.

तुमच्या कंपनीची पाटी लावलेला तो दुकानदार आहे ना, त्याने मोटरला हातसुद्धा लावला नाही. म्हणे, "बाई, ही मोटर उघडत नाहीत. आणि हे मॉडेल आता बंद झालंय. नवी घ्या." मी म्हटलं, "माणसाचं पोट उघडून परत शिवतात, आणि ही मोटर उघडत नाही?" तो हसला. मी नाही हसले.

आमच्या आरोग्य केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांना तर निमित्तच हवं होतं. दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद हजर. वर्षभरात निवृत्त होताय, तेव्हा डोंगरावरच्या फेऱ्या बंद, नोंदवही घेऊन खाली बसा, वरच्या लोकांनी खाली यावं. खाली यावं! वर चौदा घरं आहेत. त्यांत दोघी पोटुशी. एका आजोबांच्या पायाची जखम दर दोन दिवसांनी धुवावी लागते. मोरीपाशी रस्ता खचल्यापासून जीप वर जात नाही. डॉक्टर खिडकीतून बघतात, त्यांना दुरून डोंगर साजरेच दिसणार.

तू त्याच कंपनीत तक्रारींच्या विभागात बसतेस. मला एवढंच कळव, मोटर कुठून उघडायची. आणि फोन करू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

आता आशीर्वाद.
मावशी

११ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हसू आलं, मग भीती वाटली. तू खरंच उघडशील.

मोटर कुठून उघडायची हे मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगता आलं नसतं. आमच्याकडे तिला 'सील युनिट' म्हणतात. बिघडली तर पूर्ण मोटर बदलायची, आणि तुझ्या मॉडेलची मोटर आता बनत नाही. विषय संपला. तू दुकानदाराकडे तक्रार लिहून दिलीस ती फिरत फिरत माझ्याच टेबलावर आली. त्याचं ऑफिसचं उत्तर मीच टाइप केलंय, सोबत आहे. रागावू नकोस, मजकूर ठरलेला असतो, आम्ही फक्त नाव घालतो.

आणि मावशी, खरं सांगू? डॉक्टरांचं काय चुकलं? तुझे गुडघे काय बोलतात ते तू कुणाला सांगत नाहीस, पण मागच्या वेळी जिना उतरताना मी पाहिलंय. आई म्हणते, "तिला म्हणावं, आयुष्यभर चढलीस, आता एक वर्ष बस." मलाही तेच वाटतं.

तुझी,
भिंगरी

१९ मार्च

भिंगरे,

तुझं ऑफिसचं पत्र मी मोठ्याने वाचलं. "आदरणीय ग्राहक, आपल्या भावनांची आम्हाला कदर आहे." तुला मी अंगाखांद्यावर खेळवलंय गं, माझ्या भावनांची कदर करायला तुला शिक्का लागतो?

आणि ताईला सांग, बसायचं असतं तर मी नर्स झालेच नसते.

तर मोटर उघडली. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. आधी पेडलचे दांडे काढले. त्याला एक खास पाना लागतो, तो लेथवाल्याकडून आणला. (कोपऱ्यावर ज्याचं लेथ मशीनचं दुकान आहे तो. त्याच्या बायकोची तिन्ही बाळंतपणं मीच केलीत, तो मला नाही म्हणत नाही.) मग आठ स्क्रू. ते माझ्या गोळ्यांच्या डबीत ठेवले, सोमवार सकाळ, सोमवार रात्र असे, म्हणजे कुठला कुठे लागतो ते चुकणार नाही. झाकण निघेना. कडेला पातळ पाना घालून हळूहळू फिरवत गेले, जसं चिकटलेलं बँडेज सोडवतात तसं. टक्क आवाज झाला आणि उघडली तुमची न उघडणारी मोटर.

आत बघते तर काय, नुसता गंज! एका बाजूचं बेअरिंग अडकलंय, बोटाने फिरवलं तर वाळू दळल्यासारखी खरखर. बाकी सगळं लख्ख. आणि ऐक, बेअरिंगच्या कडेवर भिंग लावून बघितलं तर नंबर कोरलाय! ६८०३. साधा चार आकडी नंबर. हे तुमचं सील युनिट?

आता अडलंय ते असं. बेअरिंग जागचं हलत नाही. ठोकू का?

मावशी

ता. क. पाणी आत कसं गेलं ते देवालाच ठाऊक.

२७ मार्च

मावशी,

ठोकू नकोस!!

पत्र हातात पडलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होते. तशीच उठले आणि खाली तळघरात गेले. तिथे आमचे जुने मेकॅनिक बसतात, परत आलेल्या सायकली तपासतात. त्यांना म्हटलं, एका ओळखीच्या बाईने मोटर उघडलीय. त्यांनी मान वर न करता पहिला प्रश्न विचारला, "बाई सायकल पाइप लावून धुतात का?"

मावशी, तू सायकल पाइप लावून धुतेस का?

मग त्यांनी दार लोटलं आणि सांगायला लागले. नंबर खरा आहे. तेच माप कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, कंपनीही तेच विकत घेऊन बसवते. मी विचारलं, "मग आपण लोकांना सांगत का नाही?" म्हणाले, "तुम्ही वरच्या मजल्यावर बसता, तुम्हीच मला सांगा."

आता नीट वाच. बेअरिंग ओढायला पुलर लागतो, तो लेथवाल्याकडे असेल. नवं बेअरिंग तासभर फ्रीजरमध्ये ठेव आणि बेअरिंग बसतं ते मोटरमधलं घर केस वाळवायच्या यंत्राने गरम कर, म्हणजे ते आपणहून सरकेल. दाबायचं ते फक्त बाहेरच्या कड्यावर, आतल्या कड्यावर अजिबात नाही. आणि बॅटरी उघडायची नाही. हे मी भाची म्हणून सांगतेय. मोटर चुकली तर बंद पडेल, बॅटरी चुकली तर घर जळेल. माझी शपथ आहे तुला.

हे पत्र वाचून फाडून टाक. जूनमध्ये माझ्या बढतीची यादी लागणार आहे.

भिंगरी

८ एप्रिल

भिंगरे,

हो, धुते पाइप लावून. तीन वर्षं धुतेय. चिखलातून आल्यावर काय पावडर लावू तिला? बरं, चुकले. यापुढे ओल्या फडक्याने पुसेन. तुझ्या तळघरातल्या माणसाला सांग, डॉक्टर व्हायला हवा होता, रोगी न बघता रोग ओळखला.

पत्र फाडलं नाही. डबीत ठेवलंय.

बेअरिंगच्या दुकानात गेले, नंबर सांगितला. दुकानदाराने मागे न बघता हात लांब करून खोका काढला. "वॉशिंग मशीनला हवंय का?" म्हणाला. मला इतका संताप आला! ज्यासाठी नवी सायकल घ्या म्हणतात, ती वस्तू या माणसाच्या हाताशी पडलेली.

लेथवाल्याने पुलर लावून जुनं ओढलं. नवं बसवलं मी. गार बेअरिंग, गरम मोटर, तू सांगितलंस तसंच. लोण्यात सुरी जावी तसं गेलं. आठच्या आठ स्क्रू लागले, एकही उरला नाही, आणि तरी स्क्रीनवर तेच तीन आकडे! दोन दिवस मी सायकलीशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी परत उघडली तर एक बारीक वायर झाकणाखाली चिमटलेली. माझाच धांदरटपणा. सोडवली, झाकण लावलं, बटण दाबलं, आणि आकडे गेले.

आता थांबतेय होय मी? पुढचं दातेरी चाक काढून लहान बसवलं, चढाला हलकं जातं. लेथवाल्याने मागे लोखंडी कॅरियर जोडून दिलं, त्यावर औषधांची पेटी घट्ट बसते. सकाळी आठ वाजता डॉक्टरांच्या नोंदवहीवर सही करते आणि साडेआठला चौथ्या वळणावर असते. ते म्हणाले, "कागद मिळाला नाही का?" मी म्हटलं, "मिळाला. पेटीच्या तळाशी अंथरलाय, बाटल्या घसरत नाहीत."

आजोबांची जखम भरत आलीय.

आशीर्वाद, आणि तळघरालाही.
मावशी

२९ एप्रिल

प्रिय भाचीस,

हे पत्र मी सांगतेय आणि लेथवाला लिहितोय, कारण माझ्या बोटाला थोडं कापलंय. काळजी करण्यासारखं काही नाही. सायकल उत्तम आहे. तुझ्या बढतीचं काय झालं? हवा चांगली आहे. आंबट चेहरा करू नकोस.

मावशी

ता. क. भाचीताई, हे मी, लेथवाला, बाईंना न सांगता माझ्या मनाने लिहितोय. बोटाला कापलेलं नाही. उजवं मनगट मोडलंय, प्लॅस्टर आहे. वीस तारखेला उतारावर पडल्या. चूक माझीपण आहे. मी पाच किलोचं कॅरियर जोडून दिलं पण ब्रेक बघितले नाहीत. पॅड इतके झिजले होते की लोखंडावर लोखंड घासत होतं, आणि बाईंना तो आवाज आठवडाभर येत होता. मला म्हणाल्या, "चढायचं बघ, उतरायला कुणाची मदत लागते?" मोटर मात्र चालू आहे. डॉक्टरसाहेबांनी सायकल केंद्राच्या कोठीत टाकून कुलूप लावलंय आणि किल्ली खिशात ठेवलीय. बाई रोज एकदा कोठीसमोर उभ्या राहून त्यांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलतात. तुम्हाला कळवणं माझं काम होतं. रागावल्या तर तुम्ही सांभाळून घ्या.

७ मे

मावशी,

बोटाला कापलंय?

मी रात्रभर झोपले नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. झोपले, आणि सकाळी उठून रडले. तू मला फसवलंस याचं वाईट वाटलंच. त्याहून जास्त याचं, की तुला त्या उतारावर मी पाठवलं. मोटर कशी जोडायची ते ऐटीत लिहिलं आणि ब्रेकचं एक अक्षर लिहिलं नाही. आता यापुढे मी तुला काही सांगणार नाही. काहीही विचारू नकोस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो तुझा तुझ्यापाशी ठेव.

आणखी एक. त्या दिवशी तळघरातून वर आल्यावर मी संगणकावर शोधलं, 'सील युनिट'चं ठरलेलं पत्र मी किती जणांना पाठवलंय. सहाशे बारा. एक दूध पोचवणारा आहे. एक शिक्षिका आहे, पायाने अधू, शाळा टेकडीवर. सगळ्यांना "भावनांची कदर". मॅनेजरबाईंना विचारलं, बेअरिंगचा नंबर द्यायला काय हरकत आहे? त्या म्हणाल्या, "भावना घरी ठेवून येत जा." मी बरं म्हटलं आणि जागेवर येऊन बसले.

मी तुझ्यासारखी नाही मावशी. मी बसते.

भिंगरी

२६ मे

भिंगरे,

हे अक्षर माझंच आहे, डाव्या हाताचं. वाचता नाही आलं तर ताईला दे, तिने माझं पहिलीतलं अक्षर पाहिलंय.

तुझं पार्सल मिळालं. ब्रेकच्या दोन मोठ्या चकत्या, चार पॅड, आणि आत चिठ्ठी नाही. अबोला धरलास, धर. लेथवाल्याशीही तीन दिवस मी धरला होता. पण वस्तू पाठवून अबोला धरतात हे मी पहिल्यांदाच बघितलं. चकत्या उशाशी ठेवल्या. लावणार कशाला? सायकल कोठीत.

आता परवाचं सांगते. दुपारचे अडीच. वरच्या बाराव्या घरातून एक जण धापा टाकत आला. त्याची वहिनी पहिलटकरीण, सकाळपासून कळा. डॉक्टर म्हणाले, "खाली आणा." तो म्हणाला, "आणता आली असती तर इथे बोलत उभा राहिलो असतो का? खुर्चीत बसवलं तर दोन पावलांत किंचाळली."

मी डावा हात पुढे केला. "किल्ली द्या."

"एका हाताने सायकल चालवणार तुम्ही?"

"चालवणार नाही, चालणार. तिला एक बटण आहे, दाबून धरलं की आपल्या पावलांच्या वेगाने ती स्वतः चढते. ऑक्सिजनचा सिलिंडर, पेटी, पाण्याचा डबा सगळं तिच्यावर. नाहीतर हे उचलायला दोन माणसं शोधत बसा. आणि तुम्ही माझ्याबरोबर येताय."

"मी?"

"माझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे. मूल डाव्या हाताने झेलू?"

किल्ली मिळाली.

भिंगरे, बारा वर्षांत तो माणूस त्या वाटेला आला नव्हता. चौथ्या वळणावर कोट काढला. सहाव्यावर विचारलं, "माझी बॅग ठेवू का हिच्यावर?" नवव्यावर त्यांनी हळूच मागून कॅरियर धरलं. मी बघितलंच नाही असं दाखवलं. सगळं सामान, माझा अर्धा भार आणि एक मोठे डॉक्टर, सगळ्यांना ओढत मोटर चढत होती. आवाज बारीक, एकसारखा. खरखर कुठेही नाही. मला रडू आलं ते हाताच्या दुखण्याने नव्हे.

पोरीची परीक्षा होती. मूल आलं ते गळ्याला नाळ घेऊन. डॉक्टरांनी घरातलं बाळंतपण कित्येक वर्षांत केलेलं नाही, मोठ्या दिव्याखाली चार जणींच्या मदतीने करतात. मी कानाशी बसून सांगत गेले, "बोट आत सरकवा. ओढू नका. डोक्यावरून घ्या. आता थांबा. थांबा म्हणते ना!" त्यांनी ऐकलं. मूल निळं, गप्प. मी डाव्या हाताने त्याची पाठ चोळली. किती वेळ ते मला विचारू नकोस. मग रडलं. मुलगी आहे. गळा असा काढलाय की अकराव्या घरातले धावत आले.

उतरताना सायकल ढकलतच आणली, चकत्या लावल्याशिवाय बसणार नाही हे लेथवाल्याला वचन दिलंय. पायथ्याशी आल्यावर डॉक्टर म्हणाले, "तो आदेश अजून लागू आहे."

"असू द्या," मी म्हटलं. "कागद बसेल टेबलावर. मी नाही."

किल्ली मी परत दिली नाही. त्यांनी मागितलीही नाही.

तू लिहिलंस, मी बसते. बस बाई. प्रत्येकाने चढलंच पाहिजे असं नाही. मी तुला त्यासाठी कमी लेखणार नाही, एवढं सांगायला हे वेडंवाकडं पत्र.

मावशी

४ जून

मावशी,

तुझं पत्र आईला द्यावं लागलं नाही. दोन तास लागले, पण माझं मीच लावलं. त्या मुलीपाशी आले तेव्हा मी उभीच राहिले वाचताना.

आता माझं ऐक. चिठ्ठीशिवाय पार्सल पाठवलं, कारण लिहायला बसले असते तर सगळं सांगून टाकलं असतं, आणि तू दवंडी पिटली असतीस. बारा मेपासून मी ठरलेल्या पत्राखाली एक ओळ घालायला लागले. "मोटरमधलं बेअरिंग साध्या मापाचं आहे, नंबर ६८०३, ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा, आणि त्याच वेळी ब्रेकही तपासून घ्या." ब्रेकचं मुद्दाम घातलं. दोन आठवड्यांत अशी एक्क्याण्णव पत्रं गेली. जुन्या सहाशे बाराचे पत्ते रोज थोडे थोडे उतरवून घरी आणत होते, त्यांना माझ्या स्वतःच्या कागदावर, माझ्या घरचा पत्ता घालून लिहिलं. बोटांना फोड आलेत. खरे फोड, तुझ्यासारखं कापलं वगैरे नाही.

शुक्रवारी मॅनेजरबाईंनी बोलावलं. समोर माझीच तीन पत्रं. "ही ओळ कुणी घालायला सांगितली?"

"कुणी नाही. खरी आहे म्हणून घातली."

त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची दिली. चूक झाली, सल्ला मागे घेत आहोत, असा मजकूर पुढे सरकवला. म्हणाल्या, "खाली सही करा. बढतीची यादी मी अजून बदललेली नाही." माणूस बरा आहे गं, मनापासून मला वाचवत होत्या. मी तो कागद वाचला. त्या शिक्षिकेसारख्या कुणाला तरी हे पत्र जाणार. तिने मोटर उघडली असेल एव्हाना, चादरीवर स्क्रू मांडले असतील. तिला सांगायचं, की तुझ्या डोळ्यांना दिसतंय ते खोटं आहे?

मी म्हटलं, "सही करत नाही." मग त्यांनी दुसरा कागद काढला, राजीनाम्याचा. त्यावर मात्र सही केली.

दाराशी तळघरातले मेकॅनिक येऊन थांबले होते. भर जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत. हातात कापडात गुंडाळलेला पुलर. "कंपनीचा नाही, माझा आहे," म्हणाले, मोठ्याने. मी तो पिशवीत टाकला आणि पायऱ्या उतरले. उगाच शौर्य सांगत नाही मावशी. बसस्टॉपवर तीन बस जाऊ दिल्या.

काल घरच्या पत्त्यावर पहिलं उत्तर आलं. दूध पोचवणाऱ्याचं. दीड ओळ आहे. "फिरली. ब्रेकपण खराब निघाले." आज आणखी चार आली. त्यातल्या दोघांचं अडलंय, काय करू विचारतात. त्यांना उत्तरं लिहून मग तुला लिहायला बसले.

पुढे काय ते माहीत नाही. विचारूही नकोस इतक्यात.

आईला अजून कळलेलं नाही. ती स्वयंपाकघरात आहे, मी सुट्टीवर आहे असं समजून काहीतरी गुणगुणतेय. तू तिला लिहिणार असशील तर चार दिवस थांब. हे तिला मीच सांगणार आहे, आणि मान खाली न घालता.

तुझी,
भिंगरी